आम्ही तुम्हाला शेअर का विकू शकत नाही? निळ्या आकाशाच्या कायद्याची गोष्ट

हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जे 'अं' आणि 'म्हणजे' येतात त्यातले बरेच गाळलेत, सगळे नाही.

तर गेल्या महिन्यात सांगलीहून एका श्रोत्याचा मेल आला. दोन-तीनच ओळी. 'दादा, तुम्ही दर भागाच्या शेवटी शंभर-दोनशेची मदत मागता. त्यापेक्षा माझ्याकडून दोन हजार घ्या आणि पॉडकास्टमध्ये हिस्सा द्या. उद्या मोठे झालात तर आम्हालाही चार पैसे मिळतील.'

मी तो मेल तीनदा वाचला. कल्पना काय वाईट आहे? आमची एक छोटीशी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, कागदावर का होईना. हजार श्रोत्यांनी दोन-दोन हजार दिले तर वीस लाख होतात. नवा स्टुडिओ, एक पगारी एडिटर, आणि माझा दिवसभराच्या नोकरीतून सुटका होण्याचा थोडासा चान्स. मी उत्साहात आमच्या सीएला फोन लावला आणि म्हणालो, पुढच्या भागात घोषणाच करतो.

तो म्हणाला, "माइक बंद आहे ना तुझा?"

मग त्याने समजावलं. प्रायव्हेट कंपनीची व्याख्याच अशी आहे की ती जनतेला शेअर घ्यायचं आमंत्रण देऊ शकत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ४२ सांगतं की ओळखीच्या, नावानिशी ठरवलेल्या लोकांनाच तुम्ही शेअर देऊ करायचे. आणि नियमांनी त्याची मर्यादा घातलीय आर्थिक वर्षात २०० जणांची. मोठे संस्थात्मक गुंतवणूकदार वेगळे, पण ते काही आपला पॉडकास्ट ऐकत नाहीत. जाहिरात तर करायचीच नाही. पॉडकास्टवर बोलणं ही जाहिरातच झाली. म्हणजे जी गोष्ट मी मित्राला चहाच्या टपरीवर सांगू शकतो, ती माइकवर सांगितली की कायदा मोडला.

मला राग आला. सांगलीच्या त्या पोराला त्याचे स्वतःचे दोन हजार कुठे टाकायचे हे सांगणारं सरकार कोण? तो दोन हजारांची लॉटरी काढू शकतो. तो ते पैसे मोबाइलवरच्या ट्रेडिंग ॲपमध्ये दहा मिनिटांत उडवू शकतो. माझ्या कंपनीत मात्र नाही.

रागाच्या भरात मी हे सगळं मोठ्या मावशीला सांगितलं. मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आता निवृत्त आहे. ती ऐकत राहिली आणि आतल्या खोलीतून एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आली. त्यात एक छान रंगीत सर्टिफिकेट होतं. कडेने हिरवी पानं, मध्ये सागाच्या झाडाचं चित्र. १९९४ चं. तुमच्यापैकी अनेकांच्या घरात असंच काहीतरी निघेल, विचारून बघा. त्या काळात सागाच्या रोपांच्या योजनांचं पीक आलं होतं. आज एक हजार द्या, तुमच्या नावाने झाड लावू, आम्हीच वाढवू, वीस वर्षांनी लाकूड विकून पन्नास हजार देऊ. मावशीने दहा झाडं घेतली होती. तिचे तेव्हाचे तीन पगार. कंपनीचं नाव मी इथे घेत नाही, आणि घेऊन उपयोगही नाही, कारण ती कंपनी १९९८ नंतर कुणालाच सापडली नाही.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. माझा मेल आणि मावशीचं सर्टिफिकेट. 'लोकांकडून थोडे थोडे पैसे घेऊन धंदा उभा करणं' या एकाच गोष्टीची ही दोन तोंडं आहेत, आणि त्यांच्यात कायदा गेली शंभरहून अधिक वर्षं हेलकावे खातोय. ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेत घडली, कारण जगातल्या बहुतेकांनी नंतर तिथूनच उचललं. चला तर मग.

सुरुवात कॅन्ससमध्ये. १९११. गव्हाचा प्रदेश, शेतकऱ्यांच्या हातात बऱ्यापैकी पैसा, आणि पूर्वेकडून आगगाडीने येणारे विक्रेते. सोन्याच्या खाणीचे शेअर, तेलाच्या विहिरीचे शेअर, दूर कुठल्यातरी मळ्याचे शेअर. तिथला बँक आयुक्त होता जे. एन. डॉली. त्याने जोर लावून एक कायदा करून घेतला: कॅन्ससमध्ये शेअर विकायचे असतील तर आधी माझ्या कार्यालयात या, कागद दाखवा, आणि मला योजना रास्त वाटली तरच परवानगी मिळेल. या कायद्यांना नाव पडलं 'ब्लू स्काय लॉ'. निळ्या आकाशाचा कायदा. म्हणजे हे विक्रेते इतके पोचलेले की लोकांना निळ्या आकाशाचे प्लॉट पाडून विकतील! १९१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे कायदे वैध ठरवले, तेव्हा निकालपत्रातही हे निळं आकाश आलं.

इथे एक लक्षात घ्या. डॉलीचा कायदा 'खरं बोला' एवढंच म्हणत नव्हता. तो म्हणत होता, खरं बोललात तरी योजना मला पटली पाहिजे. सरकारी अधिकारी ठरवणार की ही गुंतवणूक जनतेसाठी चांगली की वाईट.

आणि आता जरा आतली गोष्ट. डॉलीने आपण जनतेचे लाखो डॉलर वाचवल्याचा बराच डांगोरा पिटला. पण नंतरच्या अभ्यासकांनी, विशेषतः जोनाथन मेसी आणि जेफ्री मिलर यांनी १९९१ मध्ये, जुने कागद उकरून एक वेगळा मुद्दा मांडला. या कायद्यासाठी सगळ्यात उत्साही कोण होतं? गावोगावच्या छोट्या बँका. शेतकऱ्याने शेअर घेतले तर त्यांच्या ठेवी जाणार होत्या. म्हणजे फसवणूक होती हे खरंच, पण फसवणूक थांबवायच्या निमित्ताने स्पर्धाही थांबत होती. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. कुठल्याही नियमाकडे बघताना 'यामुळे कुणाचं दुकान शाबूत राहतं?' हा प्रश्न विचारायची सवय मला लागलीय. पण या प्रश्नाने मावशीचे दहा हजार परत येत नाहीत, हेही तितकंच खरं.

कॅन्ससचं बघून बाकीची राज्यंही धावली. १९३३ पर्यंत ४८ पैकी ४७ राज्यांत असे कायदे झाले. एकटं नेवाडा राहिलं. (नेवाडा म्हणजे लास व्हेगासवालं. हो, तेच.) तरीही १९२९ चा बाजार कोसळायचा थांबला नाही. विक्रेते राज्याची हद्द ओलांडून टपालाने शेअर विकायचे, आणि एका राज्याचा अधिकारी दुसऱ्या राज्यात काय करणार? १९२९ ते १९३२ या काळात डाऊ जोन्स निर्देशांक जवळजवळ ९० टक्के पडला.

मग आले फ्रँकलिन रूझवेल्ट आणि २७ मे १९३३ चा सिक्युरिटीज ॲक्ट. आज जगभरात शेअर विकताना जे जाडजूड माहितीपत्रक लागतं त्याचं मूळ इथे. रूझवेल्टचं म्हणणं साधारण असं होतं की आजवर खरेदीदारानेच डोळे उघडे ठेवायचे, असा नियम होता. आता विकणाऱ्यानेही सावध राहावं. पण या कायद्याने डॉलीची वाट सोडली. सरकार आता योजना चांगली की वाईट हे ठरवणार नाही. सरकार एवढंच बघणार की तुम्ही सगळं उघड केलंय का. भिकार कंपनीचे शेअरही विका, फक्त ती भिकार आहे हे छापून विका. पुढच्या वर्षी, १९३४ ला, यावर लक्ष ठेवायला सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन आलं. आपण त्याला आयोग म्हणू.

ऐकायला छान वाटतं ना? अडचण एवढीच की 'सगळं उघड करा' याला पैसे लागतात. वकील, हिशेबनीस, छपाई. मोठ्या कंपनीला तो खर्च म्हणजे किरकोळ. माझ्यासारख्याला वीस लाख उभे करायला तीस लाख खर्च. म्हणून १९३३ च्या कायद्यातच पळवाटा, म्हणजे चांगल्या अर्थाने पळवाटा, ठेवल्या होत्या. त्यातली मुख्य: जनतेला न विकता खासगीत विकत असाल तर नोंदणी नको.

पण 'जनता' म्हणजे कोण?

या प्रश्नावर जो खटला झाला तो माझा अतिशय लाडका आहे. सेंट लुईसची राल्स्टन प्युरिना ही कंपनी, जनावरांचा खुराक बनवणारी. ती आपल्याच 'महत्त्वाच्या' कर्मचाऱ्यांना शेअर विकायची. १९४७ ते १९५१ या काळात तिने जवळजवळ वीस लाख डॉलरचे शेअर असे विकले. कंपनी म्हणाली, ही काय जनता आहे का, हे तर आमचे घरचे लोक. यादी निघाली तेव्हा त्यात कोण होतं? इलेक्ट्रिशियन, स्टेनोग्राफर, गोदामाचा कारकून, जनावरांचा डॉक्टर, खुराक भरणाऱ्यांचा मुकादम. १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की प्रश्न किती लोक हा नाही. प्रश्न हा की या लोकांना स्वतःचं रक्षण स्वतः करता येतं का. कंपनीची आतली माहिती त्यांच्या हाती आहे का. मुकादमाच्या हाती ती नव्हती. कंपनी हरली.

निकाल योग्य होता, असं मला वाटतं. पण त्यातून पुढे जे निघालं ते विचित्र. 'स्वतःचं रक्षण करता येणारा माणूस' ओळखायचा कसा? परीक्षा घ्यायची? मुलाखत? १९८२ मध्ये आयोगाने सोपा मार्ग काढला: ज्याची मालमत्ता दहा लाख डॉलर किंवा वर्षाचं उत्पन्न दोन लाख डॉलर, तो 'ॲक्रेडिटेड', म्हणजे जाणकार मानला जाईल. त्याला वाटेल ते विका. थोडक्यात, श्रीमंत तो शहाणा! वडिलांची इस्टेट मिळालेला, आयुष्यात ताळेबंद न वाचलेला माणूस जाणकार; आणि अर्थशास्त्र शिकवणारी, भाड्याच्या घरात राहणारी प्राध्यापक मात्र अजाण. गंमत म्हणजे हे आकडे महागाईप्रमाणे वाढवलेच नाहीत, त्यामुळे दरवर्षी आपोआप जास्त लोक 'शहाणे' होत गेले.

मधल्या काळातली एक हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डिसेंबर १९८०. एक कंप्युटर कंपनी पहिल्यांदा शेअर बाजारात येते. भाव २२ डॉलर. मॅसॅच्युसेट्स राज्यात अजून डॉलीच्या वळणाचा नियम चालू होता, योजना पटली तरच परवानगी. तिथल्या अधिकाऱ्यांनी हिशेब केला, भाव फार चढा आहे असं ठरवलं, आणि राज्यातल्या सामान्य लोकांना हे शेअर विकायला बंदी घातली. कंपनीचं नाव ॲपल.

पण थांबा, लगेच हसू नका. त्याच अधिकाऱ्यांनी त्याच कसोटीवर किती निळी आकाशं अडवली असतील ते आपल्याला कधीच कळणार नाही. अडवलेल्या फसवणुकीची बातमी होत नसते.

आणि मावशीच्या झाडांचीही एक थोरली बहीण अमेरिकेत सापडली. फ्लोरिडामध्ये हॉवी नावाच्या कंपनीची संत्र्यांची बाग होती. शेजारीच तिचं हॉटेल. हॉटेलात उतरलेल्या बाहेरगावच्या पाहुण्यांना बागेचा एक पट्टा विकायचा आणि वर करार करायचा की मशागत, तोडणी, विक्री सगळं आम्हीच बघू, तुम्ही फक्त नफा घ्या. कंपनी म्हणाली, आम्ही तर जमीन विकतोय, शेअर कुठे? १९४६ मध्ये न्यायालय म्हणालं, नाव काहीही द्या. पैसा एकाचा, मेहनत दुसऱ्याची आणि अपेक्षा नफ्याची, तर ती गुंतवणूकच, आणि कायदा लागू. आपल्याकडे याच कल्पनेच्या जवळचा नियम, सामूहिक गुंतवणूक योजनांचा, सेबीने आणला ऑक्टोबर १९९९ मध्ये. मावशीचं सर्टिफिकेट १९९४ चं. पाच वर्षांचा फरक.

आता येऊ इंटरनेटवर. क्राउडफंडिंगवरचा प्रत्येक लेख स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापासून सुरू होतो, १८८५ मध्ये पुलित्झरच्या वर्तमानपत्राने चबुतऱ्यासाठी लाखभर लोकांकडून लाखभर डॉलर गोळा केले वगैरे. मी तो टाळलाय, कारण आपल्याकडे तळेगाव आहे. अंताजी दामोदर काळे यांनी दरमाणशी वर्षाला एक पैसा, या हिशेबाने पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी पाठबळ दिलं, आणि त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. पैसा दिलेल्यांना कारखान्यात हिस्सा मिळाला नाही, आणि कुणी मागितलाही नाही. ती देणगी होती. इथे सगळा कायदा अडतो बघा. देणगी मागा, कुणी विचारत नाही. बदल्यात टी-शर्ट द्या, तरी चालेल. नफ्यात वाटा देतो म्हणालात की १९३३ चा कायदा उठून उभा राहतो.

म्हणून २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टरने शेअरला हातच लावला नाही. २०१२ मध्ये ऑक्युलस नावाच्या छोट्या कंपनीने आभासी जगात नेणाऱ्या चष्म्यासाठी तिथे पैसे मागितले. साधारण साडेनऊ हजार लोकांनी मिळून चोवीस लाख डॉलर दिले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी घ्यायची ठरवली, किंमत दोनशे कोटी डॉलर. पहिले पैसे देणाऱ्या त्या साडेनऊ हजारांना त्यातलं काय मिळालं? त्यांनी घेतलेला चष्मा किंवा टी-शर्ट. बऱ्याच जणांनी चिडून लिहिलं, आम्हाला शेअर का नाही? सांगलीकर मित्रा, हा तुझाच प्रश्न आहे.

आणि हो, या इतिहासात बिअरवाल्यांचा हात जरा जास्तच आहे. १९९५-९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका छोट्या ब्रुअरीने थेट इंटरनेटवरून शेअर विकले, सुमारे साडेतीन हजार लोकांना, सोळा लाख डॉलरचे. नियमात बसवून. आणि २००९ मध्ये दोन जाहिरातवाल्यांनी वेबसाइट काढून म्हटलं, चला आपण सगळे मिळून पॅब्स्ट ही बिअर कंपनीच विकत घेऊ, तीस कोटी डॉलर हवेत, तुम्ही किती घालणार ते कळवा. पन्नास लाखांवर लोकांनी वीस कोटी डॉलरहून जास्त द्यायचं कबूल केलं. एक पैसाही प्रत्यक्ष घेतला नव्हता. तरी २०११ मध्ये आयोगाने दोघांना थांबवलं: नोंदणी न करता जनतेला शेअर देऊ केलेत. देऊ करणं हाच भंग. माझा सीए जे म्हणत होता तेच.

नेमकं याच सुमारास वातावरण फिरत होतं. २००८ च्या मंदीनंतर बँका छोट्या धंद्यांना कर्ज देईनात. २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या सस्टेनेबल इकॉनॉमीज लॉ सेंटर या छोट्या संस्थेने आयोगाकडे एक अर्ज केला. मागणी अगदी साधी: कुणी एक लाख डॉलरपर्यंत उभे करत असेल आणि प्रत्येकाकडून शंभर डॉलरच्या वर घेत नसेल, तर त्याला सोडा. शंभर डॉलर बुडाले तर बुडाले. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली ही सगळ्यात शहाणी मागणी होती. आयोगाने ती तशी कधी मान्य केली नाही. दुसरीकडे एकाच बिझनेस स्कूलमधले तीन उद्योजक वॉशिंग्टनला खेटे घालत होते, आणि त्यांचं म्हणणं खासदारांना भावलं. बेरोजगारी नऊ टक्क्यांच्या आसपास असताना 'छोट्या धंद्याला भांडवल' याला विरोध कोण करणार? नोव्हेंबर २०११ मध्ये प्रतिनिधिगृहात हे विधेयक ४०७ विरुद्ध १७ मतांनी पास झालं. अमेरिकेत दोन्ही पक्ष असे एकत्र येणं म्हणजे... असो.

विरोध होता, आणि तो फालतू नव्हता. आयोगाच्याच अध्यक्ष मेरी शापिरो यांनी सिनेटला पत्र लिहून चिंता कळवली. राज्यांच्या अधिकाऱ्यांची संघटना विरोधात, कारण डॉलीच्या वारसांचा अधिकार काढला जात होता. म्हाताऱ्या माणसांची संघटना विरोधात, कारण फसवणुकीचा फोन पहिला त्यांनाच येतो. आणि अनुभवही होता: १९९२ मध्ये आयोगाने छोट्या विक्रीचा एक नियम असाच सैल केला होता, त्यावर फुटकळ शेअरवाल्यांनी असा धुडगूस घातला की १९९९ मध्ये तो पुन्हा आवळावा लागला.

त्यामुळे सिनेटने मध्ये हात घातला आणि बरीच कुंपणं घातली. ५ एप्रिल २०१२ ला ओबामांनी सही केली तो जॉब्स ॲक्ट म्हणजे तडजोड होती. कंपनी वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच उभे करणार. थेट नाही, आयोगाकडे नोंदलेल्या पोर्टलवरूनच. पोर्टलने सल्ला द्यायचा नाही, लोकांचे पैसे स्वतःच्या हाती घ्यायचे नाहीत. ठरवलेली रक्कम जमली नाही तर सगळ्यांचे पैसे परत. घेतलेला शेअर सर्वसाधारणपणे वर्षभर विकायचा नाही. आणि मधल्या उत्पन्नाच्या माणसाने सगळ्या पोर्टलवर मिळून वर्षाला दोन हजार डॉलर किंवा उत्पन्नाच्या पाच टक्के, यातलं जे जास्त असेल तितकंच टाकायचं. मला हा शेवटचा नियम फार आवडतो. तो माणसाला 'तू अडाणी आहेस' म्हणत नाही. तो म्हणतो, चूक कर, पण तीन पगारांची करू नकोस.

कायद्यात आयोगाला नियम करायला २७० दिवस दिले होते. लागली साडेतीन वर्षं. ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम आले आणि १६ मे २०१६ पासून लागू झाले. तोवर लंडनमध्ये हे सर्रास चालू होतं. मग अमेरिकेत लोक कुरकुरायला लागले की दहा लाखांत काय होतं, कागदपत्रांचाच खर्च केवढा. मार्च २०२१ पासून मर्यादा पन्नास लाख डॉलर झाली, आणि जाणकार, म्हणजे श्रीमंत, गुंतवणूकदारांवरचं बंधन उठलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयोगाने या नियमाखालची पहिली फसवणुकीची केस लावली: गांजाच्या धंद्यासाठी जमिनी घेतो म्हणून सामान्य लोकांकडून सुमारे एकोणीस लाख डॉलर गोळा करून ते भलतीकडे वळवल्याचा आरोप. ज्या पोर्टलवरून हे झालं त्यालाही प्रतिवादी केलं. टीकाकार म्हणाले, बघा. समर्थक म्हणाले, पाच वर्षांत पहिली. दोघंही आपापल्या जागी खरे, आणि यावर मी अजून पक्कं मत बनवू शकलेलो नाही.

आता आपलं घर. २०१२ हेच वर्ष घ्या. एप्रिलमध्ये अमेरिका दार उघडते. ३१ ऑगस्टला आपलं सर्वोच्च न्यायालय सहारा प्रकरणात निकाल देतं. दोन कंपन्यांनी सुमारे तीन कोटी लोकांकडून चोवीस हजार कोटींहून जास्त रुपये रोख्यांच्या रूपात घेतले होते आणि म्हणत होत्या, ही खासगी विक्री आहे, हे आमच्या परिवाराचे लोक आहेत. राल्स्टन प्युरिनाचे 'घरचे लोक' आठवले? तेव्हाच्या आपल्या कायद्यात ५० किंवा जास्त लोकांना देऊ केलं की ती जाहीर विक्री, असं स्पष्ट लिहिलं होतं. न्यायालयाने पंधरा टक्के व्याजाने पैसे परत करायला सांगितलं. यानंतर आपल्या नियामकाने 'गर्दीकडून पैसा' हे शब्द ऐकून दचकावं, हे समजण्यासारखं आहे.

तरी सेबीने प्रयत्न केला. जून २०१४ मध्ये चर्चेसाठी एक मसुदा काढला. कंपनी चार वर्षांहून जुनी नको, दहा कोटींपर्यंत उभे करायचे. आणि सामान्य गुंतवणूकदार? वर्षाचं उत्पन्न किमान दहा लाख, तीन वर्षांचे आयकर विवरण भरलेले, सल्लागाराचा सल्ला किंवा परीक्षा पास, एका कंपनीत किमान वीस हजार आणि जास्तीत जास्त साठ हजार. म्हणजे आपला सांगलीचा मित्र दोन हजार घेऊन आला असता तर दारातूनच परत. कमाल मर्यादा मी समजू शकतो. किमान मर्यादा कशासाठी? थोडे पैसे टाकणाऱ्याचं नुकसानही थोडंच होणार ना? माझा सीए म्हणतो, थोडे पैसे टाकणारे हजारो असतात आणि हजारोंच्या तक्रारी सेबीच्या अंगावर येतात. असेल. पण मग ते त्याचं रक्षण नाही, कार्यालयाची सोय आहे.

तो मसुदा मसुदाच राहिला. ऑगस्ट २०१६ मध्ये, अमेरिकेत पोर्टल सुरू होऊन तीन महिने झाले असताना, सेबीने लोकांना सावध केलं की इंटरनेटवरून असे पैसे उभे करणारे मंच आम्ही मान्य केलेले नाहीत. कर्जाच्या बाजूला मात्र थोडी हालचाल झाली: २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने एकमेकांना कर्ज देण्याच्या ॲप्ससाठी नियम केले. शेअरच्या बाजूला आपण तिथेच आहोत.

भाग रेकॉर्ड करण्याआधी मी पुन्हा मावशीकडे गेलो. म्हटलं, समज, कायदा उद्या बदलला. माझ्या कंपनीत दोन हजार टाकशील?

तिने विचारलं, "वर्षाचा जमाखर्च छापून देणार का?"

मी म्हटलं, अजून तसा लिहिलेला नाही.

"झाडवाल्यांनीही दिला नव्हता," ती म्हणाली. "मी मागितलाच नाही. मागायचा असतो हेच माहीत नव्हतं. आणि खरं सांगू, तेव्हा मला कुणी अडवलं असतं ना, तर मी त्याच्याशी भांडले असते."

तर सांगलीकर मित्रा, शेअर मिळणार नाही. पण मी गेल्या वर्षाचा हिशेब लिहायला घेतलाय. माइक, एडिटिंग, सर्व्हरचं भाडं, तुमच्याकडून आलेले पैसे, सगळं. पुढच्या भागाच्या मजकुराखाली टाकतो. दोन ठिकाणी बेरीज जुळत नाहीये, ती तेवढी शोधतो.